दसरा काढताना

पितृपंधरवडा सुरू झाला, की आपल्या मराठवाड्यात घरोघरी एक प्रश्न ऐकू येऊ लागतो : औंदा दसरा कधी काढायचा? सण अजून लांब असतो, घटही बसायचे असतात. पण त्याआधी घर काढायचे असते. वाकळा, गोधड्या, चादरी, पडदे, घरातले सगळे धुणे बाहेर पडते. माळ्यावरची भांडी खाली येतात आणि चिंचेने घासली जाऊन उन्हात लखलखतात. वर्षभर जागचे न हललेले कपाट दोघे मिळून पुढे ओढतात आणि त्याच्या मागची जळमटे निघतात. पूर्वी बैलगाडीत धुणे घालून बाया नदीवर जात. गोदावरीच्या, दुधनेच्या काठची झुडपे त्या दोन-चार दिवसांत रंगीबेरंगी गोधड्यांनी झाकून जात. आता छत्रपती संभाजीनगरच्या गच्च्यांवर त्याच गोधड्या दोरीवर वाळताना दिसतात. घराचा कोपरान् कोपरा डोळ्यांखालून घालण्याचे एवढे काम आपण वर्षातून एकदाच करतो, आणि तेही कोणी न सांगता करतो.

याच दिवसांच्या मागेपुढे ३० सप्टेंबर येतो.

१९९३ साली त्या तारखेच्या आदल्या रात्री गावोगावी गणपती विसर्जनाची मिरवणूक निघाली होती. ढोल-लेझीम खेळून, गुलालाने माखलेली माणसे उशिरा घरी आली आणि जे निजले त्यांतल्या हजारोंनी पुन्हा डोळे उघडले नाहीत. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात किल्लारी, आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सास्तूरच्या पंचक्रोशीत धरणी हादरली. धक्का ६.२ ते ६.४ रिश्टरचा होता. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि तरी कित्येकदा तिथली माणसे वाचतात. इथे आठ ते दहा हजार जीव गेले, असंख्य माणसे जायबंदी झाली आणि पुढे ५२ गावे उचलून नव्या जागी वसवावी लागली. बावन्न हा आकडा आपल्या शहराच्या ओठांवर दरवाजांसाठी असतो. या एका तारखेला तो गावांसाठी आठवावा. किल्लारीच्या जुन्या गावठाणात आजही स्मृतिस्तंभापाशी माणसे जमतात आणि ज्यांची नावे तिथे आहेत त्यांच्यापुढे डोके टेकवतात. पितृपंधरवड्यात आपण वाडवडिलांना तिलोदक देतो. त्या गावांत एकाच तिथीला घरेच्या घरे पितरांत जमा झाली.

त्या रात्रीचा विचार करताना एक गोष्ट मनातून जात नाही, ती माळवदाची. किल्लारीच्या परिसरातील घरे म्हणजे दोन-अडीच फुटांच्या, कुठे त्याहूनही जाड दगडी भिंती. त्यांतला सांधा चिखलाचा आणि डोक्यावर लाकडांवर अंथरलेले मातीचे माळवद. उन्हाळ्यात ही घरे गार राहत. थंडीत ऊब देत. चोराचिलटांपासून ती आडोसा देत, आणि धनिकाच्या वाड्यापासून मध्यम शेतकऱ्याच्या घरापर्यंत भिंतीची जाडी हीच घराची प्रतिष्ठा मानली जाई. पावसात माळवद गळू नये म्हणून मृग लागण्याआधी त्यावर मातीचा नवा थर पडायचा. बापाने टाकला, मुलाने टाकला, नातवाने टाकला. जुना थर कोणी काढला नाही. वर्षांमागून वर्षे माती चढत गेली, कुठे दीड-दोन फुटांपर्यंत. पावसापासून घराला जपण्याची जी रीत होती, तिनेच छतावर मणामणांचे ओझे चढवले. भिंतीत दोन्ही अंगांना आरपार धरून ठेवणारे लांब दगड नव्हते. हादऱ्यासरशी भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींपासून सुटली आणि वरची सगळी माती निजलेल्या माणसांवर आली. गावकुसाबाहेर कुडाच्या आणि गवताच्या छपराखाली राहणारी कित्येक गरीब कुटुंबे त्या पहाटे वाचली, कारण त्यांच्या डोक्यावर पडण्याजोगे फारसे काही नव्हते. काही जुन्या घरांत भिंती कोसळल्या, पण लाकडी खांब-तुळयांच्या खणांनी छत तोलून धरले. तीही माणसे जगली.

यात दोष कोणाला द्यावा? माळवदावर माती टाकणारा आजोबा निष्काळजी नव्हता. उलट तो काळजी घेणारा माणूस होता, आणि त्याच्या काळजीत एक आपत्ती मोजलेली होती, पावसाची. दुसरी त्याच्या पंचांगातच नव्हती. सरकारच्या पंचांगातही नव्हती. त्या काळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशावर मराठवाड्याचा हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. दख्खनचा काळा पाषाण हलत नाही, अशी आपली सर्वांचीच समजूत होती. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीकरांना जमिनीतून आवाज ऐकू येत होते. ऑक्टोबरात चांगलेच धक्के बसले, काही दिवस माणसे उघड्यावर निजली. मग थंडी आली, कामे आली आणि माणसे पुन्हा त्याच छताखाली परतली. आपणही परतलो असतो. भीती फार दिवस उशाशी ठेवता येत नाही, हा माणसाचा स्वभाव आहे. म्हणूनच सावधपणा भीतीवर सोपवू नये, तो रीतीभातीत मुरवावा लागतो. पापड-कुरडया उन्हाळ्यात घालायच्या हे जसे आपल्याला भीतीने सुचत नाही, तसे.

बेगमी हा शब्द आपल्याकडे नवा नाही. मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी वसवली तेव्हा आधी पाण्याचा विचार केला आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणले. त्याच शहरात आज नळाला पाणी रोज येत नाही, कित्येक दिवसांच्या अंतराने येते, आणि ‘आज पाण्याचा दिवस आहे’ एवढे म्हटले की बाकी सगळी कामे मागे पडतात. हौद, पिंपे, ड्रम, कळश्या, गच्चीवरची टाकी सगळे भरून घेतले जाते. आठवडाभराचे पाणी साठवायला, ते पुरवून वापरायला, पिण्याचे वेगळे आणि वापरायचे वेगळे ठेवायला या शहरातल्या प्रत्येक गृहिणीला कोणा प्रशिक्षकाची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितल्या. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली ती आपण डोळ्यांनी पाहिली. संकटासाठी घर सज्ज ठेवायचे म्हणजे काय, हे ज्यांना सांगावे लागत नाही अशी माणसे शोधायची तर ती आपल्याच गल्लीत सापडतील.

मात्र दसरा काढताना गच्चीवर गेल्यावर क्षणभर थांबून त्या टाकीकडे पाहावे. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. टंचाई वाढली तसे एकीला दुसरी टाकी जोडली गेली, कुठे तिसरी आली. आणि ज्या छतावर त्या उभ्या आहेत ते छत कधी, कोणी, किती ओझ्यासाठी बांधले हे घरात कोणालाच आठवत नाही. नव्या, नीट उभारलेल्या इमारतींत याचा हिशेब धरलेला असतो. पण गुलमंडी, राजाबाजार, शहागंजच्या आतल्या गल्ल्यांतली दगडमातीची घरे आहेत, वाड्यांवर मागाहून चढवलेले मजले आहेत, नगरांतली पन्नास वर्षांची ओल खाल्लेली बांधकामे आहेत. तिथे तहानेपासून वाचवणारे पाणीच माळवदाच्या मातीसारखे वर्षागणिक डोक्यावर चढत तर नाही ना, हे विचारणे अशुभ नाही. भरलेली टाकी छताच्या अधांतरी मध्यावर असण्यापेक्षा भक्कम भिंतीवर किंवा खांब-तुळईवर असावी. भिंतीला तिरकी, रुंद होत जाणारी भेग दिसत असेल, सळई गंजून प्लास्टर सुटले असेल, तर रंगाचा हात फिरवण्याआधी जाणत्या अभियंत्याला दाखवावे. दसऱ्याच्या रंगाला जो खर्च आपण आनंदाने करतो, त्यातला थोडा इकडे वळला तर देवीला वाईट वाटणार नाही.

आणि भूकंप ही काही केवळ तेव्हाची, तिकडची गोष्ट नाही. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि भोवतालच्या गावांना जमिनीतले गूढ आवाज वर्षानुवर्षे परिचित आहेत. २०२४ साली २१ मार्चच्या सकाळी आणि पुन्हा १० जुलैला तिकडे साधारण साडेचार रिश्टरचे धक्के बसले, शेजारच्या नांदेड-परभणीची माणसेही घराबाहेर आली. किल्लारीनंतर नकाशे बदलले आणि आपल्या प्रदेशाचा रंग गडद झाला. जमीन केव्हा हलेल हे कोणालाही आधी सांगता येत नाही. हलल्यावर घरात काय पडेल, हे मात्र आज संध्याकाळी आपणच फिरून सांगू शकतो.

म्हणून कपाट ओढून जळमटे काढली, की ते परत सरकवताना वरच्या बाजूला लोखंडी पट्टी लावून भिंतीला स्क्रूने जखडून टाकावे. लहान मुलाच्या पलंगाशेजारी तर हे नक्कीच करावे. आजीच्या उशाशी असलेल्या फळीवरची पितळेची जड भांडी, तसबिरी, फुलदाण्या खालच्या कप्प्यात याव्यात. सिलिंडर कुठे बंद होतो आणि विजेचा मुख्य खटका कुठला, हे घरातल्या एकट्या पुरुषालाच ठाऊक असून भागत नाही. दहा वर्षांच्या लेकीनेही तो एकदा स्वतःच्या हाताने फिरवून पाहिलेला असावा. धक्का बसला तर भक्कम टेबलाखाली बसायचे, डोके हातांनी झाकायचे, टेबलाचा पाय धरून ठेवायचा. टेबल नसेल तर खिडक्या-कपाटांपासून दूर आतल्या भिंतीशी बसायचे, आणि हादरे थांबल्यावर पायात चप्पल घालूनच बाहेर पडायचे. दगडमातीच्या जुन्या घरातून, दार दोन पावलांवर असेल तर, लगेच मोकळ्यावर यावे. पण मोकळे म्हणजे गल्ली नव्हे. किल्लारीत गल्ल्या ढिगाऱ्यांनी अशा बुजल्या की मदतीला आलेल्यांना कोणते घर कुठे होते हेच उमगेना. आपल्या गल्लीतून बाहेर पडून जवळचे मैदान, शाळेचे आवार, मारुतीचा पार यांपैकी कुठे जमायचे हे घराने आधी बोलून ठेवलेले बरे. कारण अशा वेळी घर एकत्र असेलच असे नाही. वडील वाळूजला रात्रपाळीत असतील, मुलगी क्लासला, आई बाजारात. फोन लागणार नाहीत. तेव्हा पुण्या-नाशिकच्या एखाद्या आत्या-मामाचा क्रमांक सर्वांना पाठ असावा आणि ज्याला जसे जमेल तसे त्याने तिथे ‘मी ठीक आहे’ एवढे कळवावे. क्रमांक पाठ असण्याचे दिवस गेले, हे खरे आहे. तेवढ्यापुरते ते परत आणावेत.

गेल्या काही वर्षांत पावसानेही आपली ओळख बदलली आहे. सप्टेंबर २०२५ आठवावा. ज्या मराठवाड्याने पाण्यासाठी रेल्वे पाहिली त्याच मराठवाड्यात शेतांची तळी झाली, धाराशिवच्या परांडा भागात माणसांना वाचवायला हेलिकॉप्टर आणावी लागली. घरोघरी घट बसलेले असताना पैठणच्या नाथसागर धरणाचे सगळे २७ दरवाजे उघडले गेले आणि गोदावरीत तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटरहून थोडे जास्त; तीन लाखांचा हिशेब केला तर दर सेकंदाला सुमारे ८५ लाख लिटर. पैठणच्या नदीकाठच्या वस्त्या हलवाव्या लागल्या. २००६ च्या ऑगस्टमध्ये असेच अडीच लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडले गेले, तेव्हा नाथांच्या गावात पाणी कुठवर चढले होते हे तिथली जुनी माणसे दाराच्या चौकटीवर बोट ठेवून दाखवतात. हे बोट फार मोलाचे आहे. दरवाजे किती फुटांनी उचलले, किती क्युसेक सोडले, या बातम्या आपण वाचतो आणि विसरतो. पण गोदाकाठच्या घराला ‘इतके सुटले की पाणी आपल्या कितव्या पायरीला लागते’ हे ठाऊक असेल, तर सूचना आल्यापासून पाणी येईपर्यंतचे काही तास सामान हलवायला मिळतात. ती खूण भिंतीवर रंगाने काढून, शेजारी वर्ष लिहून ठेवावी. शहरात खाम आणि सुखना या नद्या उन्हाळ्यात नाल्यासारख्या भासतात म्हणून आपण त्यांना नाले म्हणू लागलो. रात्रीतून ढगफुटीसारखा पाऊस झाला की त्या आपले मूळ पात्र मागायला येतात. अशा रात्री तळघरातली गाडी काढायला खाली उतरू नये, आणि पुलावरून पाणी वाहत असताना ‘एवढेच तर आहे’ म्हणून दुचाकी घालू नये. गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलते. वीज कडाडताना झाडाखाली थांबू नये, हे शेतावर जाणाऱ्या घरच्या माणसाला रोज सांगितले तरी जास्त होत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेले ‘दामिनी’ हे ॲप त्याच्या मोबाइलमध्ये आपण स्वतः घालून द्यावे.

घरात एक पिशवी असावी. दाराजवळ, खुंटीला. तिच्यात काय असावे हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे. बॅटरी, शिट्टी, काडेपेटी, तीन दिवसांची नेहमीची औषधे आणि त्यांच्या चिठ्ठीची प्रत, थोडे रोख पैसे, कोरडा खाऊ, बाळ असेल तर त्याचे दूध, जलसंजीवनीची पाकिटे. सातबारा, घराची कागदपत्रे, आधार, शिधापत्रिका, मुलांचे दाखले हे प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत घट्ट बांधून, आणि त्यांची छायाचित्रे दूरच्या नातेवाइकाच्या मोबाइलवरही. पुरानंतर शेतकऱ्याला पंचनाम्यासाठी कागद लागतो आणि तोच चिखलात गेलेला असतो, हे दुःख आपण पुष्कळ घरी पाहिले आहे. पिण्याचे पाणी माणशी दिवसाला तीन-चार लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे झाकून ठेवावे. हे तर आपल्याला येतेच. दाराच्या आतल्या बाजूला एका कागदावर ११२, रुग्णवाहिकेचा १०८, अग्निशमनचा १०१ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ मोठ्या अक्षरांत लिहावा, म्हणजे चष्मा न सापडलेल्या आजोबांनाही तो वाचता येईल.

किल्लारीनंतर जे उभे राहिले त्यात एक आठवण फार उजळ आहे. नव्या घरांच्या आणि जुन्या घरांच्या मजबुतीकरणाच्या कामात गावोगावच्या बायका पुढे आल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने त्यांनी घर कसे बांधले जाते ते शिकून घेतले, कोपऱ्यात सळई पडते की नाही, सिमेंटवर पाणी मारले जाते की नाही हे त्या स्वतः उभ्या राहून पाहू लागल्या. घराच्या आतले सगळे जिच्या हातात, पण भिंतीबद्दल जिला कोणी विचारले नव्हते, तिने पहिल्यांदा भिंतीला हात लावून प्रश्न विचारले. २००१ च्या २६ जानेवारीला कच्छ हादरले, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायका तिकडे गेल्या आणि ढिगाऱ्यापाशी बसलेल्या गुजराती बायकांशेजारी जाऊन बसल्या. भाषा वेगळी होती. सांगायचे होते ते दोघींनाही समजत होते.

दसरा काढणेही मुळात बायांचेच काम राहिले आहे, आणि ते एकटीने होत नाही. गोधडी पिळायला समोर दुसरे कोणीतरी लागतेच. घट बसायला अजून अवकाश आहे. त्या आधीच्या एखाद्या दुपारी आपल्या जिन्यातल्या, गल्लीतल्या घरांत डोकावून यावे. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे काका रात्री औषध घेऊन गाढ झोपतात का, त्यांच्या दाराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे? मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या नांदेडच्या मुलांना जमायची जागा कोणी सांगितली आहे का? पलीकडच्या घरातली बाळंतीण माहेरी आली आहे, तिला उतरवायला कोण जाईल? गच्चीच्या दाराला कुलूप असते, ती किल्ली कुठल्या खिळ्याला असते? एवढे विचारून, किल्ली एकदा लावून बघून, दार उघडावे. वर गोधड्या वाळत असतील. ऊन उतरायच्या आत त्या उलट्या करून टाकायच्या राहिल्या असतील, तर जाता जाता तेवढेही करून यावे.